बर्फावरची हॉकी आणि पहाटेचा चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी ताई कॅनडात, ओंटारियो प्रांतात राहते. तिची दोन्ही मुलं शिकायला बाहेर पडली, वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि तिने गावातल्या ज्युनियर आइस हॉकी संघाचा एक सोळा वर्षांचा खेळाडू घरी ठेवून घेतला. तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या घरी शनिवार-रविवारी पहाटे टीव्ही लागतो. आधी मी आणि आई दोघीच होतो. मग मामा यायला लागला, मग समोरचे काका, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली, आणि आता चहाचं पातेलं बदलावं लागलंय. नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दहा मिनिटांत तेच प्रश्न विचारतो, नेमका गोल होत असताना. म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

मुलाचं आणि संघाचं नाव लिहीत नाही, मूल परक्याचं आहे. आईला त्याचं खरं नाव उच्चारता येत नाही, ती त्याला बंड्या म्हणते. इथेही तेच चालवू.

हॉकी म्हणजे आपली धनराज पिल्लेची हॉकी ना?

नाही. धनराज पिल्ले खडकीचा, त्यामुळे पुणेकराला हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि पांढरा चेंडू दिसणं साहजिक आहे. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. आपल्या हॉकीला ते फील्ड हॉकी म्हणतात, तेही जरा आठवून.

बर्फावर चेंडू नसतो. पक नावाची घट्ट रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, साधारण 170 ग्रॅमची. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. एका बाजूचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोली, म्हणजे गोलरक्षक. रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, साधारण 61 मीटर लांब, 26 मीटर रुंद, आणि चारी बाजूंनी फळ्यांची भिंत. ही भिंतच खरी गंमत आहे. पक बाहेर जात नाही, आपटून परत येतो, आणि चांगला खेळाडू मुद्दाम भिंतीवर मारून स्वतःच्याच गड्याला पास देतो. कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. आमच्या मामाला कळलं, आणि तो अजून तेवढंच सांगत असतो.

गोलच्या जाळीमागेही खेळायची जागा असते. तिथे पक गेला की "आउट, आउट" असं ओरडू नये. (समोरच्या काकांसाठी.)

ज्युनियर म्हणजे किती लहान? अंडर फोर्टीन?

नाही, 16 ते 20. या वयाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे कॅनेडियन हॉकी लीग. तिच्याखाली तीन लीग आहेत: ओंटारियो, वेस्टर्न आणि क्वेबेक-मॅरिटाइम्स. मिळून साठेक संघ, त्यातले काही अमेरिकेतले. आपण पाहतो ती ओंटारियो लीग वीस संघांची. त्यातले ईरी, फ्लिंट आणि सॅगिनॉ हे तिघे सीमेपलीकडचे. पंधराव्या वर्षी वर यायला खास परवानगी लागते आणि ती विरळाच मिळते. ओंटारियोत 2005 मध्ये जॉन टावारेसला पहिल्यांदा मिळाली, पुढे 2012 मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला. वेस्टर्न लीगमध्ये पहिली मिळाली ती कॉनर बेडार्डला, 2020 मध्ये.

दुसऱ्या टोकाला वीस वर्षांचे. ओंटारियोत एका संघाला असे तिघेच ठेवता येतात. त्यामुळे दरवर्षी काही दाढीवाली पोरं, जी चार वर्षं त्या गावात वाढली, त्यांना सांगावं लागतं की आता जागा नाही.

सीझन कधी सुरू होतो, कधी संपतो?

गणपती-नवरात्राच्या सुमाराला सुरू, आंब्यांच्या दिवसांत संपतो. आईला मी असंच सांगितलं आणि तिला चटकन कळलं.

ज्यांना तारखा हव्यात त्यांच्यासाठी: ऑगस्टअखेर सराव शिबिर, मग थोडे सराव सामने, आणि सप्टेंबरच्या शेवटी खरे साखळी सामने. प्रत्येक संघाचे 68: 34 घरी, 34 बाहेर. ते मार्चपर्यंत चालतात. जिंकलं की दोन गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी एक गुण मिळतो, आणि या एका गुणामुळे मार्चमध्ये लोकांची झोप उडते. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, दहा-दहा संघांचे. प्रत्येकातले वरचे आठ पुढे जातात. मग बाद फेऱ्या, पण एका सामन्यात निकाल नाही: सातपैकी जो आधी चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या. म्हणजे अजिंक्य संघाला 68 सामने झाल्यावर किमान 16 जिंकावेच लागतात. मेमध्ये जिंकणारी पोरं बघा, डोळ्यांखाली काळं, गालावर टाके आणि वजन उतरलेलं.

मधला काळ मात्र लांबतो. नोव्हेंबरचे सामने मला कंटाळवाणे वाटतात. डिसेंबरात नाताळाची छोटी सुट्टी, 26 तारखेला वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा सुरू होते आणि चांगल्या संघांचे चांगले खेळाडू तिकडे जातात. मागे उरलेल्यांना तेव्हा बर्फावर वेळ मिळतो. बंड्याचा पहिला गोल असाच, वरचे दोघे स्पर्धेला गेले होते म्हणून झाला. त्याने तो पक ताईच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवला आणि ताईने तो हलवला नाही.

पहाटे उठायचं म्हणजे नक्की किती वाजता?

तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. पण हे हिवाळ्यातलं गणित. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेचार. म्हणजे सीझनच्या सुरुवातीला आणि ऐन बाद फेऱ्यांत साडेचार, आणि पुण्यात थंडी पडते तेव्हा साडेपाच. निदान थंडीत तास वाचतो.

रविवारी दुपारी दोनचा सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला, तो आम्ही पाहत नाही. पश्चिमेकडच्या अल्बर्टातला सामना मात्र सकाळी साडेसातला सुरू होतो, पोहे करता करता होतो. मामाचं म्हणणं आहे की ताईने तिकडे राहायला जावं.

त्या मुलाला आईवडील नाहीत का? सोळाव्या वर्षी परक्याच्या घरी कसा राहतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि आवाज खाली करून विचारला जातो. आहेत, दोघेही आहेत, चांगले आहेत, दर रविवारी फोन करतात. त्यांचं गाव गाडीने सहा तासांवर आहे, एवढंच.

तिथली पद्धत अशी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची दरवर्षी निवड होते, आणि तीत संघ मुलाला निवडतो, मुलगा संघाला नाही. ज्या गावच्या संघाने नाव घेतलं, त्या गावी जायचं. रोज घरून येणं शक्य नसतं, वसतिगृह नसतं. मग गावातली कुटुंबं मुलांना ठेवून घेतात. अशा घराला बिलेट म्हणतात. क्लबचा माणूस घर पाहून जातो, पोलिसांकडून घरातल्या मोठ्यांची चौकशी होते, आणि खाण्यापिण्यासाठी महिन्याला थोडी रक्कम मिळते. ताई म्हणते की ती रक्कम दुधातच जाते.

मला हे ऐकून आमचे आजोबा आठवले. ते कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात उंबरठे. म्हातारपणी त्यांना नातवंडांची नावं आठवत नसत, पण गुरुवारचं घर आठवायचं, कारण तिथे भातावर तूप वाढायचे. शनिवारच्या घराबद्दल ते एवढंच म्हणायचे, "बायको चांगली होती." यातून काय समजायचं ते आम्ही समजायचो. बंड्याला सगळे वार एकाच घरी मिळाले. आणि त्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं नव्हतं, उलट गावात लोक ताईला विचारायचे, तुमच्याकडे यंदा कोण आहे?

पण परकेपणा तोच. पहिले तीन आठवडे तो फ्रीज उघडण्याआधी विचारायचा. एकदा सामना हरून आला, ताईने दार उघडलं, तो "गुड नाइट" म्हणून वर गेला आणि रात्रभर वर दिवा जळत होता. ताईने मला फोन केला. पुण्यात तेव्हा सकाळ होती. मी काय सांगणार? आईने फोन घेतला आणि म्हणाली, "त्याला काही विचारू नकोस. दाराबाहेर दूध ठेव." ताईने ठेवलं. सकाळी पेला रिकामा होता.

खातो काय तो?

सगळं. थालीपीठ, वरणभात, दुपारी सामना असेल तर पास्ता. कारल्याला हात लावत नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी दोन तास झोपतो आणि तेव्हा मिक्सर लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता.

आणि शाळा?

शाळा असते. सकाळी गावातल्या शाळेत, दुपारी सराव, आणि अभ्यास बसमध्ये. क्लब अभ्यासाकडे पाहायला एक माणूस नेमतो. बंड्या गणितात कच्चा होता. भावजींनी त्याला शिकवायचा प्रयत्न केला, त्या प्रकरणात मी जात नाही.

पैसे मिळतात की भरावे लागतात?

या वरच्या तीन लीगमध्ये भरावे लागत नाहीत. काठ्या, स्केट, प्रवास, राहणं क्लबकडून. हातखर्चाला थोडे मिळतात, पण पगार म्हणावा असं काही नाही. तिकीट लावून हॉल भरतात आणि मुलांना हातखर्च देतात, यावर 2014 मध्ये माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी कोर्टात दावा लावला होता. मला त्यांची बाजू पटते. घरात यावर एकमत नाही.

त्याबदल्यात शिष्यवृत्ती असते: जितकी वर्षं खेळलात, साधारण तितक्या वर्षांची कॉलेजची फी. आणि 1 ऑगस्ट 2025 पासून मोठा बदल झाला. आधी या लीगमध्ये एक सामना जरी खेळला तरी अमेरिकेतल्या वरच्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. त्यांच्या लेखी हा मुलगा व्यावसायिक. म्हणजे सोळाव्या वर्षी घरच्यांनी ठरवायचं, हे की ते, आणि परत फिरणं नाही. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यावरून आपल्याकडे घरं पेटतात, मग हे काय असेल बघा. आता ते दार उघडलं आहे. गॅविन मॅकेना हा युकॉनमधला मुलगा वेस्टर्न लीग खेळून सरळ पेन स्टेट विद्यापीठात गेला.

याच्या खालच्या पातळीवर, ज्युनियर ए वगैरे, बऱ्याच ठिकाणी आईबापांना फी भरावी लागते, आणि ती काही किरकोळ नसते.

नियम थोडक्यात सांगा. मला काहीच कळत नाही, सगळे धावत सुटतात.

वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. शिटी वाजली की घड्याळ थांबतं, म्हणून सामना अडीच तास चालतो.

खेळाडू सारखे आत-बाहेर का करतात, तर पूर्ण जोराने पाऊण मिनिटाच्या वर खेळताच येत नाही. तीन आघाडीवीरांची एक तुकडी असते, खो-खोत पळणारे तिघं-तिघं उतरतात तशी. पण खो-खोत बाद झाल्यावर पुढची तुकडी येते, इथे खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बदलतात. चुकून एक जण जास्त आत राहिला तर शिक्षा.

निळ्या दोन रेघा दिसतात ना, समोरच्याच्या निळ्या रेघेपलीकडे पक जायच्या आधी तुम्ही जायचं नाही. गेलात तर ऑफसाइड. आणि मधल्या लाल रेघेच्या आपल्या बाजूने उगीच लांब ढकलून पलीकडच्या टोकाला पक घालवला तर आइसिंग. पक परत तुमच्याच दारात आणून टाकतात, आणि दमलेल्या पोरांना बदलायची सोय नाही.

शिक्षा म्हणजे बाजूच्या पेटीत जाऊन बसायचं. साध्या चुकीला दोन मिनिटं, मोठीला पाच. तेवढा वेळ संघ एक माणूस कमी. कबड्डीत चारच जण उरले की कसा जीव टांगणीला लागतो, तसं. आईला हा भाग फार आवडतो. पेटीत बसलेल्या मुलाचं तोंड दाखवतात तेव्हा ती म्हणते, "बस आता."

मधल्या सुट्टीत जे मोठं यंत्र बर्फावर फिरतं ते झॅम्बोनी. फ्रँक झॅम्बोनी नावाच्या माणसाने 1949 मध्ये कॅलिफोर्नियात केलं. ते वरचा खरवडलेला थर काढून गरम पाणी पसरतं. गरम का, तर ते वरच्या बर्फाला जरा वितळवून एकजीव होतं आणि गुळगुळीत गोठतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली सामन्यापेक्षा हेच जास्त मन लावून पाहतात.

मारामारी करतात ती खरी असते का? आणि पंच नुसते बघत काय उभे राहतात?

खरी असते. पंच वाट पाहतात, कारण मध्ये पडलं की त्यांनाच बसतं. दोघं खाली पडले की सोडवतात. पाच मिनिटं पेटीत.

मात्र मुलांच्या हॉकीत हे आता आवळत आणलंय. ओंटारियोत एका सीझनमध्ये ठरावीक संख्येच्या वर मारामाऱ्या केल्या की सामन्यांची बंदी येते. क्वेबेकच्या लीगने 2023 पासून मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. माझं मत विचाराल तर उशीरच झाला. सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ठोसे बसताना पाहून टाळ्या वाजवणाऱ्या हॉलबद्दल मला अजून नीट काही म्हणता येत नाही.

गळ्याला पट्टा का, असं परवा कोणी तरी विचारलं. स्केटचं पातं सुरीसारखं असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमध्ये अॅडम जॉन्सन हा खेळाडू पातं गळ्याला लागून सामन्यातच गेला. ओंटारियो आणि क्वेबेकमध्ये पट्टा आधीपासून सक्तीचा होता, वेस्टर्नने त्यानंतर केला.

ट्रेड म्हणजे काय? मुलं विकतात?

विकत नाहीत, बदलतात. एका मुलाच्या बदल्यात दुसरा मुलगा, किंवा पुढच्या वर्षांच्या निवडीतला हक्क. जानेवारीच्या सुरुवातीला त्याची मुदत संपते आणि शेवटचे चार दिवस बाजार भरल्यासारखं चालतं. ज्या संघाला यंदा जिंकायचंय तो उद्याची पोरं देऊन आजचे एकोणीस-वीस वर्षांचे घेतो. हरणारा संघ उलट करतो. कागदावर दोघांचं भलं होतं.

कागदाबाहेरचं सांगते. गेल्या जानेवारीत बंड्या शाळेत होता. दुसऱ्या तासाला फोन आला, क्लबच्या ऑफिसात ये. अकरा वाजता त्याला कळलं, तीन वाजता सामान गाडीत होतं, रात्री तो पाचशे किलोमीटरवर दुसऱ्या घरी जेवत होता. ताईला क्लबने फोन केला तेव्हा ती ऑफिसात होती. ती घरी पोहोचेपर्यंत तो जवळजवळ निघाला होता. परीक्षा आठवड्यावर आलेली. क्लबच्या माणसाने "हा खेळाचा भाग आहे" असं सांगितलं. असेल. पण दीड वर्ष ज्या घरात मुलगा राहिला, त्या घराला सकाळी एक फोन करायला काय जात होतं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

ताईने त्याच्या हातात डबा दिला. शोकेसमधला पक तो विसरला. ताई म्हणते विसरला, मला वाटतं ठेवून गेला.

बसने एवढं लांब कशाला जातात?

विमान परवडत नाही आणि गावं लहान आहेत. सू सेंट मेरीहून ओटावाला जायचं म्हणजे आठशे किलोमीटरच्या आसपास, पुणे-नागपूरपेक्षा लांब, आणि बाहेर उणे वीस. वेस्टर्न लीगमध्ये अंतरं याहून मोठी. सामना संपवून रात्री दहाला बसमध्ये बसतात, पहाटे उतरतात.

बसचं नाव काढलं की ताई गप्प होते. 30 डिसेंबर 1986 ला स्विफ्ट करंट ब्रॉन्कोसची बस घसरून चार खेळाडू गेले. 6 एप्रिल 2018 ला सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोसची बस आणि ट्रक यांची धडक होऊन सोळा जण गेले. त्या आठवड्यात कॅनडाभर लोकांनी घराच्या दाराबाहेर हॉकीची काठी उभी करून ठेवली होती, दिवा लावून. ताईच्या गल्लीतही होत्या, तेव्हा तिच्याकडे कोणी खेळाडू राहत नव्हता तरी.

परवा गोल झाल्यावर लोकांनी बर्फावर अस्वलं का फेकली?

ती टेडी बेअरची रात्र. नाताळाच्या आधी एका घरच्या सामन्यात, पहिला गोल झाला की सगळे आणलेली मऊ खेळणी खाली फेकतात आणि ती मुलांच्या संस्थांना, हॉस्पिटलना वाटतात. कॅम्लूप्सच्या संघाने 1993 मध्ये हे सुरू केलं असं मानतात. पंच गोल मोजेपर्यंत थांबत कोणी नाही.

यातून सगळे एनएचएलमध्ये जातात ना?

नाही हो. एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, ही अमेरिका-कॅनडातली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग. तिच्या निवडीत 32 संघ, सात फेऱ्या, म्हणजे जगभरातून 224 मुलं. त्यांतल्याही बऱ्याच जणांना एकही सामना मिळत नाही. त्यासाठी त्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. निवडीच्या आधी वजन, उंची, मुलाखत, धावणं, सगळं मोजतात. आमच्या बंड्याचं नाव त्यांच्या यादीत येणार नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. त्याला फिजिओथेरपी शिकायची आहे.

आपल्याकडचं कोणी खेळलंय का?

मराठी माणूस मला माहीत असता तर कट्ट्यावर पेढे वाटले असते. पंजाबी मात्र आहेत. रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू, 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. त्याआधी कॅम्लूप्सकडून ज्युनियर खेळला. मॅनी मल्होत्रा गेल्फच्या संघातून वर आला आणि 1998 मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सरे गावचा अर्शदीप बैन्स. एनएचएलच्या निवडीत त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तो रेड डिअरकडून खेळत राहिला आणि 2021-22 मध्ये 112 गुण (स्वतःचा गोल किंवा गोलला मदत, प्रत्येकी एक) करून अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला. मग व्हँकुव्हरने बोलावलं. तिकडे एनएचएलच्या सामन्यांचं पंजाबी समालोचनही चालतं, 2008 पासून. ऐका एकदा, इंग्रजीपेक्षा जास्त जोर आहे.

मुलींचं काय? (तिसऱ्या मजल्यावरून)

मेनाँ रेओम ही गोली 1991 मध्ये क्वेबेकच्या मुलांच्या ज्युनियर लीगमध्ये सामना खेळली. 2021 मध्ये टाया करी हिला सार्नियाने निवडलं, ओंटारियो लीगच्या निवडीत नाव आलेली ती पहिली मुलगी. बायकांची आताची व्यावसायिक लीग 1 जानेवारी 2024 ला सुरू झाली.

आणि आपल्या मुली! भारताच्या महिला संघाने 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपात कांस्य मिळवलं. बहुतेक सगळ्या लडाखच्या.

पुण्यातल्या मुलाला खेळायचं असेल तर?

प्रामाणिक उत्तर: इथे राहून बर्फावरची स्पर्धात्मक हॉकी नाही होत. बालेवाडीला खूप काही आहे, पूर्ण मापाचं बर्फाचं रिंक नाही. देशात हा खेळ लडाखचा, तिथे लेहमध्ये साडेतीन हजार मीटरवर तळी गोठतात आणि गल्लीतली पोरं खेळतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकीही लेहलाच होते. डेहराडूनला एक मोठं रिंक आहे. आपला देश 1989 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य आहे, पण रिंक मोजायला दोन हातांची बोटं भरत नाहीत.

पण पुण्यात चाकांवरचं स्केटिंग भरपूर आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवारी पोरं घिरट्या घालत असतात. एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केटवर तोल, वळण, काठी सांभाळणं शिकता येतं. एक गोष्ट मात्र शिकता येत नाही ती म्हणजे थांबणं. बर्फावर पातं आडवं घालून घसरत थांबतात, डांबरावर तसं केलंत तर हॉस्पिटलात थांबाल.

मेमोरियल कप काय भानगड आहे? लीग जिंकली तरी अजून सामने कसले?

तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान संघ, असे चौघे मेअखेरीला एका गावात जमतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 1919 मध्ये हा कप सुरू झाला. यजमानाला लीग जिंकावी लागत नाही, आणि यावरून वाद घालायला लोकांना आवडतं. 2024 मध्ये सॅगिनॉ यजमान होते. ओंटारियोत लंडनने त्यांना आधी हरवलेलं होतं, तरी अंतिम सामन्यात त्यांनी लंडनलाच 4-3 हरवलं. पुढच्या वर्षी लंडन परत आलं आणि वेस्टर्न लीगच्या मेडिसिन हॅट संघाला हरवून कप घेऊन गेलं. (लंडन म्हणजे ओंटारियोतलं. मामा, हे तुझ्यासाठी.)

बंड्या आता कुठे आहे? आपण नवीन संघाला ओरडायचं की जुन्या?

यावर कट्ट्यात दोन तट आहेत. समोरचे काका म्हणतात, आपण गावाचे. आई म्हणते, आपण पोराचे. दोन्ही संघ एकमेकांशी खेळले त्या दिवशी आईने जुन्या संघाचा गोल झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि बंड्या पेटीत गेला तेव्हा चहा ठेवायला उठली.

तिकडच्या घरच्या बाई चांगल्या आहेत, ताईने स्वतः फोन करून पाहिलं. कारलं देऊ नका, सांगितलं.

यंदा ताईकडे कोणी येणार आहे का?

ताई म्हणाली होती, आता नको. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्लबचा फोन आला. मुलगा सोळाचा, उत्तरेकडचा, गोली. गोली म्हणजे सामान दुप्पट, पॅडचा वास घरभर. तिने दोन दिवस मागून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, आईची भाजणी पार्सलने किती दिवसांत पोहोचते.